यंत्राच्या मनगटावरचा दोरा

संस्थेच्या नव्या गवतकापणी यंत्राची मोटर मी तिसऱ्या दिवशी मारली. यंत्रात खोट नव्हती, चालवणाऱ्याच्या हातात नव्हती. मी आणि माझ्या सांगण्यावरून बांधलेला वीतभर लाल दोरा, असे दोघेच त्यात गुंतलेले होतो. आणि दोऱ्याला मी दोष देत नाही.

नव्वद सालानंतरची ती पहिली काही वर्षं. बनारसच्या दक्षिण टोकाला एक मोठी शिक्षणसंस्था होती, तिच्या बागा-रस्ते विभागात मी यंत्रं सांभाळणारा ज्युनिअर इंजिनिअर होतो. घर पार दुसऱ्या टोकाला, रामघाटाच्या वरच्या गल्लीत. वडील तिथल्याच वेदपाठशाळेत शिकवायचे आणि पूजाही सांगायचे. म्हणजे घरातला एक माणूस मंत्रांनी संकटं टाळायचा आणि दुसरा पान्यांनी. वडिलांचं काम बरं चालायचं.

यंत्र परदेशातून मदत म्हणून आलं होतं. लाकडी पेटीतून, भुशात गुंडाळून, सोबत एक जाड पुस्तक. ट्रॅक्टरच्या उजव्या अंगाला बसवायचा एक लांब लोखंडी हात, मधे कोपरासारखा वाकणारा, आणि त्याच्या टोकाला पाती लावलेलं एक पिंप. रस्त्याच्या कडेचं गवत असो, मेंदीचं कुंपण असो, हात लांब करायचा आणि पिंप फिरवायचं. ते पिंप फिरवायला नारळाएवढी एक मोटर होती, आणि ती विजेवर नव्हे तर तेलावर चालायची. ट्रॅक्टरचा पंप एका जाड पाइपातून जोरात तेल ढकलणार, ते मोटरला गरगरा फिरवणार आणि दुसऱ्या पाइपाने परत येणार. मोटरमधून पिंपाकडे जो शाफ्ट बाहेर पडतो, तिथे रबराचं एक अंगठीएवढं सील. आत तेल, बाहेर बनारसची धूळ, आणि दोघांच्या मधे तेवढंच एक सील.

यंत्र चालवायला आम्ही चाचांना नेमलं. चाचा पन्नाशी ओलांडलेले, तोंडात कायम पान, त्यामुळे निम्मी उत्तरं मानेने देणारे. वीस वर्षं ते बैलांमागे चालले होते. मैदानाचं गवत कापायला आमच्याकडे बैलजोडीने ओढायचं एक जुनं यंत्र होतं: पुढे बैल, मागे चाचा, वर ऊन. त्यात गुडघे गेले होते. दोन पायऱ्या चढायच्या तरी भिंतीशी सल्लामसलत करून चढायचे. ट्रॅक्टरचं लायसन मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं. नव्या यंत्राच्या गादीवर, कापडी छपराखाली ते पहिल्यांदा बसले आणि इंजिन काही सुरू करेनात.

"क्या हुआ चाचा?" मी विचारलं.

"तनी बइठे क मजा ले लेवे द, साहब."

चांगली पाच मिनिटं त्यांनी नुसतं बसण्याची मजा घेतली. मी घड्याळ बघितलं नाही. वीस वर्षं चाललेल्या माणसाच्या बसण्यावर घड्याळ लावणं बरं दिसत नाही.

उद्घाटन अक्षय्य तृतीयेला ठरलं. वडिलांना मी स्कूटरवर मागे बसवून आणलं. त्यांच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरलेला. त्या दिवशी सकाळीच मी चाचांना पुस्तकाचं पान वाचून, हिंदीत समजावून सांगितलं होतं, की शाफ्टवर दोरी, तार, चिंधी काहीही गुंडाळता कामा नये. अगदी बोट उचलून सांगितलं होतं. बोट अजून पूर्ण खाली आलं नसेल, तेवढ्यात पूजा सुरू झाली.

वडिलांनी यंत्राला कुंकू लावलं, फुलं वाहिली. मग रक्षासूत्राची लाल गुंडी काढून ते यंत्राकडे जरा अंदाज घेत पाहू लागले.

"ह्याचा उजवा हात हाच ना रे?"

"हो."

"मग मनगट कुठलं?"

आता इथे कोणीही शहाणा इंजिनिअर म्हणाला असता, की बाबा, तुम्ही तो स्टिअरिंगला बांधा. पण भोवती सगळा विभाग उभा होता, बडे साहब, म्हणजे आमच्या विभागाचे मुख्य अधिकारी, हात जोडून उभे होते, आणि माझ्या वडिलांनी सगळ्यांसमोर मला यंत्राच्या शरीररचनेबद्दल प्रश्न विचारला होता. मला विद्वत्तेचा झटका आला. मी वाकून मोटर आणि पिंप यांच्या मधली दोन बोटांची फट दाखवली, जिथे शाफ्ट उघडा असतो. "हे मनगट," म्हणालो.

वडिलांनी मंत्र म्हणत तीन फेरे दिले आणि गाठ मारली. गाठ त्यांची पक्की असते.

दुसऱ्या दिवशी मोटरखाली तेलाचे थेंब दिसले. चाचांनी मला बोलावून दाखवले. मी म्हणालो, "नई मशीन है चाचा. पसीना आता है."

त्यांनी एक थेंब बोटावर घेतला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. "पसीना में तेल क गंध कब से आवे लागल?"

मी त्यांना सांगितलं की परदेशी यंत्र आहे, त्याचा घाम असाच असतो. हे मी खरंच बोललो. तिसऱ्या दिवशी दुपारी मोटर एकदा कुईं करून ओरडली, लोखंडी हात थरथरला आणि पिंप जागच्या जागी थांबलं.

वर्कशॉपमध्ये उघडून बघितली. रक्षासूत्र शाफ्टबरोबर फिरत फिरत सीलच्या ओठात घुसलं होतं आणि उष्णतेने भाजून काळ्या कडबोळ्यासारखं झालं होतं. रबर कापलं गेलं, तेल बाहेर आलं, तेलाच्या वाटेने धूळ आत गेली आणि धुळीने आतल्या आरशासारख्या लोखंडावर ओरखडे काढले. नारळाएवढ्या मोटरीत नारळाएवढाही जीव उरला नव्हता.

बडे साहब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "पेटी में एक मोटर और आई थी न?"

"जी."

"वही आख़िरी है. वो भी गई तो मशीन गोदाम में, और ये वापस बैलों के पीछे."

"ये" म्हणजे चाचा. ते दारातच उभे होते. त्यांचा हात आपोआप खाली गेला आणि गुडघ्यावर थांबला. तो हात मला त्यानंतर कित्येक दिवस दिसत होता.

घरी मी वडिलांना घडलेलं सांगितलं. वाटलं, वाईट वाटेल त्यांना. त्यांनी संध्येची पळी पुसत ऐकून घेतलं.

"मी मनगटाला बांधला," ते म्हणाले. "ते मनगट गरगरा फिरतं, हे तू सांगायचंस. मंत्रात तशी सोय नाही."

मग मी ते जाड पुस्तक खरोखर वाचलं. पहिल्यांदा वाचलं होतं ते दुसऱ्यांना सांगण्यासाठी, आता स्वतःसाठी. आणि कळलं की ही मोटर दणकट दिसते, पण फार मानी असते. तिला पाइपाच्या तोंडातून आत गेलेला वाळूचा कण चालत नाही. पिंपाचं एखादं पातं तुटून ते एका बाजूला जड झालं, तर ती थरथरून स्वतःचं बेअरिंग खाते. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे ती झटक्यात थांबवलेली चालत नाही. वरून तेल बंद केलं तरी ते जड पिंप आपल्या जोरात फिरतच राहतं, मोटरला ओढत राहतं आणि मोटर कोरडीच घासते. म्हणून आधी इंजिन मंद करायचं, पिंपाला आपल्या गतीने थंडावू द्यायचं, मग बंद.

हे शेवटचं मी चाचांना खडूने जमिनीवर आकृती काढून समजावत होतो. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला.

"दौड़त बैल के एक्के झटका में खींचबा त नाक फटी. एतने बात हौ न?"

एवढीच बात होती. पुस्तकाला तिला दोन पानं लागली होती.

त्यानंतर आमच्या यंत्राची दिनचर्या एखाद्या नव्या बाळंतिणीसारखी झाली. सकाळी चाचा आधी रस्त्याच्या कडेने पायी फिरत, दगड, तार, चपलेचे तुकडे उचलत. गुडघ्यांनी कुरकुर केली तर तिच्याकडे दुर्लक्ष करत. पाइप जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्याने पुसत. दर तासाला यंत्र थांबवून शाफ्टशी डोळे नेत. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. दोन पानं चघळून झाली की तास झाला, असा त्यांचा नेम होता, आणि तो माझ्या घड्याळापेक्षा बरोबर निघायचा.

पाइपांची तोंडं झाकायची प्लास्टिकची टोपणं मात्र पहिल्याच आठवड्यात हरवली होती. (मीच. खिशात ठेवली आणि पँट धुवायला दिली.) मी तोडगा काढला, चहाचे मातीचे कुल्हड तोंडावर उपडे घालायचे. बरोब्बर मापाचे बसले. चाचांनी एक कुल्हड काढला, त्याच्या आत बोट फिरवलं आणि मातीने लाल झालेलं बोट माझ्यापुढे धरलं. तोंडात पान होतं, उत्तर बोटानेच दिलं. शेवटी माझ्या बायकोने जुन्या लुगड्याची, नाडी ओढून बांधायची दोन टोपडी शिवून दिली. बाळाला घालतात तशीच, काठाला हिरवी किनार. ती टोपडी घालून यंत्र शेडमध्ये उभं असलं की बडे साहबसुद्धा जाताना वळून बघायचे.

दुसरी मोटर अशी नीट चालू लागली. थेंब नाही, आवाज नाही. बडे साहबांनी सांगून ठेवलं होतं: पावसाच्या आत मुख्य रस्त्याची दोन्ही बाजूंची कडा साफ करून दाखवा, मी स्वतः येऊन मोटर बघेन, आणि तेव्हाच यंत्राचं आणि चाचांचं काय ते ठरवेन.

मधे इथल्या बायकांची वटसावित्री आली. ती बनारसमध्ये अमावास्येला असते. संस्थेच्या आवारात जुने वड बरेच, सगळ्यांच्या बुंध्यांना पिवळं कच्चं सूत गुंडाळलं गेलं आणि वाऱ्याने थोडं गवतातही उतरलं. पण मी आता शहाणा झालो होतो. दुसऱ्याच दिवशी चाचांना घेऊन झाडन् झाड फिरलो. गवतातला धागा न् धागा उचलला, भोवतीचं काटेरी झुडूप काढलं, झाडलोट करवली. मुख्य रस्त्याच्या वळणावर सगळ्यात मोठा वड होता, त्याला मेंदीच्या कुंपणाने कवेत घेतलेलं. ती जागा तर दिवाणखान्यासारखी करून टाकली.

घरी चहा पिताना मी हे रंगवून सांगितलं. सांगण्यासारखं काम हातून क्वचित व्हायचं, त्यामुळे जरा जास्तच रंगवलं. काय सावली, काय स्वच्छता, सापकिरडूची भीती नाही, चार काय चाळीस बायका आरामात फेऱ्या घालतील.

बायको ऐकत होती. आमच्या मराठी घरांची वटसावित्री पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला. रामघाटच्या आणि बालाजी घाटाच्या सगळ्या बायका त्या दिवशी गल्लीतल्या एकाच वडाशी जमायच्या, आणि ते झाड एका भिंतीतून निम्मंच बाहेर आलेलं. फेरी घालायची म्हणजे शेजारच्या घरातून शिरून मागल्या दाराने निघायचं.

"आणि सूत दर फेरीला तुटतं," ती म्हणाली. "मागल्या वर्षी तर मी सातांत अकरा गाठी मारल्या. जन्मांच्या मधे गाठी मारलेल्या चालतात का, हे मामंजींना विचारायचं राहिलंच."

मी तिला म्हणालो, सुताची काळजी करू नकोस, मी आणतो. इंजिनिअरच्या बायकोचं सूत तुटतं म्हणजे काय. दुसऱ्या दिवशी चौकातल्या पतंगवाल्याकडे गेलो आणि सद्दीची दोन मोठी रिळं मागितली. सद्दी म्हणजे मांजा न लावलेला, साधा पांढरा, पण जबरदस्त मजबूत पतंगाचा दोरा.

पतंगवाला म्हणाला, "जेठ में कौन पेंच लड़ाता है, भाई साहब?"

"घरवाली," मी म्हणालो. "बस टूटना नहीं चाहिए."

"हाथ कट जाएगा, ये नहीं टूटेगा."

मी खूश होऊन घरी आलो.

आता पौर्णिमेचा दिवस. बडे साहबांची पाहणी नेमकी त्या दिवशी सकाळी नऊला होती. मी उजाडताच स्कूटर काढली. निघताना बायको काहीतरी सांगत होती आणि मी "हूं" म्हणालो, असं ती सांगते. दोन्ही खरं असणार. ती जे सांगत होती ते मला पुढे कळलं: त्या वर्षी गल्लीतल्या वडाला न जाता दहा-बारा जणींनी बालाजी घाटावरून नाव ठरवली होती. ताटं, आंबे, हळदकुंकू घेऊन, नदीतून गाणी म्हणत सगळ्याजणी संस्थेजवळच्या अस्सी घाटाला उतरल्या, तिथून रिक्षांनी संस्थेत. माझ्या दिवाणखान्यात. मी त्या वेळी आवाराच्या दुसऱ्या टोकाला शेडमध्ये पाइपांची टोपडी सोडत होतो. सात फेऱ्या, भरपूर जागा, न तुटणारं सूत. बायको म्हणते, इतकी सुखाची वटपौर्णिमा तिने आजवर केली नाही. साडेआठपर्यंत त्या नावेत बसून परतीच्या वाटेला लागल्यासुद्धा.

नऊला बडे साहब आले. चाचांनी नवा गमछा बांधला होता. यंत्र सुरू झालं आणि मुख्य रस्त्याची कडा न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली यावी तशी साफ होत चालली. मी साहबांच्या शेजारून चालत होतो, हातात रुमाल. रुमाल हलवून चाचांना इशारे द्यायचे, असं मी ठरवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं.

वळणावरचा वड आला. चाचांनी इंजिन मंद केलं आणि गादीवरून ओरडून विचारलं, "साहब, पेड़ पर धागा हौ. उतर के देख लेईं?"

मी बघितलं. होता खरा, ऊन डोळ्यांवर येत होतं तरी दिसत होता. पण मी स्वतः अमावास्येनंतर इथलं सूत वेचलं होतं. बुंध्याचं सोडलं होतं, ते तेवढं असणार. आणि मराठी बायका, त्या गल्लीतल्या वडाला. शिवाय कच्चं सूत पात्याला लागलं की तुटून जातं. शिवाय साहब बघत होते. एवढे सगळे विचार मी एका क्षणात केले आणि एकही विचार खाली उतरून चार पावलं चालण्याचा केला नाही.

"पुराना है चाचा, अमावस का," मी रुमाल हलवला. "चलिए, चलिए. रुकना नहीं."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग हात मेंदीवर नेला. हिरवा कचरा उडाला. पाचसहा पावलं गेले असतील. मी रुमाल हलवतोच आहे, पुढे, पुढे, आणि इंजिनाचा आवाज उतरत गेला. चाचांनी पिंपाला आपल्या गतीने थंडावू दिलं. मी दोन्ही हातांनी रुमाल हलवला. त्यांनी इंजिन बंद केलं, एका हाताने गुडघा धरून खाली उतरले, शाफ्टशी वाकले आणि तसेच उभे राहिले.

आम्ही धावलो. बुंध्यावरचा दोरा मेंदीवरून थेट पिंपापर्यंत खेचला गेला होता. दोन बोटांच्या त्या फटीत, टकळीवर भरावं तसं पांढरंशुभ्र सूत भरलं होतं. गच्च, सीलच्या अगदी ओठापर्यंत. आणखी पाच-दहा पावलं, की आत.

बडे साहबांनी एक टोक धरून ओढलं. तुटेना. हाताला वळवून पुन्हा ओढलं. त्यांच्या बोटावर लाल वळ उठला, दोरा होता तसाच.

"ये कच्चा सूत नहीं है," ते म्हणाले. "ये तो सद्दी है. बरगद में सद्दी कौन बाँधता है?"

चौकातून आणलेली ती दोन रिळं मला आठवली. मी आकाशाकडे बघितलं. तिथे पतंग असता तर बरं झालं असतं.

"चाकू लाओ," साहब म्हणाले.

"ना साहब." चाचांनी पान थुंकलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "सुहाग क धागा हौ. कउनो क मरद क उमिर एमें बन्हल हौ. काटल ना जाई."

मी खाली मानेने म्हणालो, "किताब में भी यही लिखा है, सर. सील के पास चाकू नहीं लगाना. रबर पर खरोंच पड़ी तो ख़त्म. हाथ से उलटा खोलना है."

बडे साहबांनी एकदा चाचांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग कडेच्या दगडावर रुमाल टाकून बसले. माझाच रुमाल.

उलगडायला तास लागला. चाचा एका हाताने पिंप उलटं, अगदी हळू फिरवत होते आणि दुसऱ्या हाताने दोरा ओढत होते. दोरा गुंतू नये म्हणून मला समोर उभं केलं, दोन्ही हात पुढे करून, लोकरीची लड धरतात तसं. माझ्या हातांवर फेऱ्यांवर फेरे चढत गेले. दोऱ्याला मधूनमधून हळदीचे ठसे होते. जाणारे येणारे थांबू लागले. दूधवाल्याने सायकल लावली. वर्गाकडे निघालेल्या काही विद्यार्थ्यांनी विचारलं, कसली पूजा चाललीय. "सत्यवान की," त्यांच्यातलाच एक माझ्या हातांकडे बघून म्हणाला, आणि सगळे मोकळेपणाने हसले. माझे हात बांधलेले होते, म्हणून मीही हसलो.

दोरा संपला. चाचांनी शाफ्ट फडक्याने पुसला, सीलभोवती करंगळी फिरवली. मग इंजिन सुरू केलं, पिंप थोडा वेळ फिरवलं, थंडावू दिलं, बंद केलं. चाचांनी मोटर बघितली नाही. ते साहबांकडे बघत होते, आणि हात गुडघ्यावर गेला होता. बडे साहब स्वतः खाली बसले, सीलखालून बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरलं, अंगठ्यावर घासलं.

कोरडं.

"मशीन चलेगी," ते उठत म्हणाले. "और चलाएँगे यही. गादी इनकी." चाचांचा हात गुडघ्यावरून निघाला आणि गमछा उगाचच नीट करू लागला. साहब माझ्याकडे वळले. "रोकना है कि चलना है, आज से ये तय करेंगे. आप रूमाल मत हिलाया कीजिए."

मी "जी" म्हणालो. एवढ्यावर सुटलो असं वाटून मी हातांवरची लड उतरवत होतो, तोवर साहब वडाच्या बुंध्याशी गेले होते. तिथे आंबे, विड्याची पानं, सुपारी, आणि कोणीतरी विसरलेली एक पितळी वाटी. शेजारी सद्दीचं रिकामं रीळ, पतंगवाल्याच्या निळ्या कागदासकट. साहबांनी वाटी उचलली आणि उलटी केली. आमच्याकडे, मराठी घरात, भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते घरात येत नाही. साहबांनी ती अक्षरं सावकाश, मोठ्याने वाचली. माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

दूधवाल्याला ठसका लागला. बडे साहब तोंड फिरवून मोटारीकडे चालू लागले. खांदे हलत होते, त्यावरून काय ते समजलो.

चाचांनी लड माझ्या हातातून घेतली, नीट गोल गुंडी केली, कपाळाला लावली. ती वाटीत ठेवली. वाटी माझ्या तळहातावर ठेवली. मग गादीवर चढून बसले, आरामात, तनी बइठे क मजा लेत, आणि वरून म्हणाले,

"बहूजी से कह दीजिएगा, धागा में कवनो खोट ना हौ. कच्चा त साहब निकललन."